मंजुळाबाईच्या ड्रममधले सायक्लॉप्स

नोकरीची पहिली बारा वर्षं मी ज्या प्राण्याला मारत हिंडलो, तोच प्राणी माझ्या मुलीनं लोणच्याच्या बरणीत भरून घरी आणला आणि स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवला. वर मलाच बजावलं, "बाबा, झाकण घट्ट लावू नका. गुदमरतील."

मी बरणी खिडकीशी नेली. पाण्यात पांढुरके ठिपके झटके देत उड्या मारत होते. सायक्लॉप्स. मोहरीच्या दाण्याहून बारीक, कपाळाच्या मधोमध एकच डोळा, आणि मादी असली तर शेपटीच्या दोन्ही अंगांना अंड्यांच्या दोन पिशव्या. त्याची ती झटक्याची चाल मी झोपेतून उठवलं तरी ओळखीन.

"ही घाण आत्ताच्या आत्ता मोरीत ओत," मी म्हणालो.

"मोरीत ओतायला पाणी आहे का घरात?" आतून माझी बायको दमयंती म्हणाली. नळाला पाणी येऊन पाच दिवस झाले होते. २०१६ सालचा एप्रिल होता तो.

आता नारू म्हणजे काय, हे तरुण मंडळींना सांगावं लागतं आणि ते सांगावं लागतं याचाच मला अभिमान आहे. पायऱ्यांच्या विहिरीत हे सायक्लॉप्स असायचे. त्यांच्या पोटात नारूची पिल्लं. माणूस ते पाणी प्यायचा, वर्षभर काही कळायचं नाही आणि मग एक दिवस पायाला फोड यायचा. फोड फुटला की आतून हातभर लांबीचा पांढरा जंत डोकं काढायचा. तो काडीला गुंडाळत रोज बोटभर ओढायचा, तुटू न देता. तुटला की पाय सुजून माणूस महिनोन् महिने खाटेवर. मी जिल्हाभर विहिरींत औषध टाकलं, बायकांना पाणी दुपदरी फडक्यानं गाळायला शिकवलं, आणि तो नारू आम्ही देशातून कायमचा घालवला. लोक मला 'नारूवाले साहेब' म्हणायचे. मधुसूदन हे माझं नाव ऑफिसच्या हजेरीपटापुरतंच उरलं होतं.

आणि माझी मुलगी अश्लेषा! रत्नागिरीला सहा वर्षं राहून समुद्रातल्या याच जातीच्या किड्यांवर डॉक्टरेट करून आली आणि नोकरी मिळाली आमच्या औरंगाबादेत, जिथून समुद्र कुठल्याही बाजूला शेकडो किलोमीटर. मी तिला चिडवायचो, की आता खारं पाणी काय मिठाची गोणी टाकून करणार? ती शांतपणे म्हणायची, "बाबा, समुद्रातल्या यांच्या भाऊबंदांवर तारली जगते, बांगडा जगतो. हे नाहीत असं पाणी शोधून दाखवा." शोधायला मी कशाला जातोय? तीच एसटीनं पैठणला गेली. जायकवाडी त्या वर्षी तळाला गेलं होतं, भेगाळलेल्या गाळातून पाऊण तास चालत तिनं उरलेलं पाणी गाठलं, जाळी फिरवली आणि हे ध्यान पकडून आणलं.

"हे डेंग्यूच्या डासांची अळी खातात," ती म्हणाली. "अंड्यातून निघाल्या निघाल्या. एक सायक्लॉप्स दिवसाला तीस-चाळीस अळ्या सहज मारतो."

"आणि नारू?"

"नारू तुम्हीच संपवलात ना? मग यांच्या पोटात येणार कुठून?"

मी वर्तमानपत्र उघडलं.

पण तिचं म्हणणं खोटं नव्हतं. चिकलठाण्याच्या पुढे, विमानतळाच्या मागच्या बाजूला नवीन वसाहती उठल्या होत्या. घरं आली, पाइपलाइन आली नाही. आठ दिवसांनी टँकर यायचा, आणि आठ दिवसांचं पाणी निळ्या प्लास्टिकच्या ड्रममध्ये दारात उभं राहायचं. डेंग्यूच्या डासाला याहून चांगलं बाळंतघर कोण बांधून देणार? दर पंधरा दिवसांनी फवारणीचं पथक यायचं. ज्या ड्रममध्ये अळ्या दिसल्या, तो तिथंच आडवा करायचं. त्यांचंही चुकत नव्हतं. पण दुष्काळात दोनशे लिटर पाणी मातीत जाताना जिनं पाहिलं, ती बाई पुढच्या वेळी ड्रम लपवून ठेवणार. अळीनाशक टाकलं तर वासानं पाणी तोंडाला लागत नाही म्हणून बायका तेच ओतून द्यायच्या.

अश्लेषानं परवानगी मिळवली आणि दोन गल्ल्या निवडल्या. पहिल्या गल्लीत ड्रममध्ये सायक्लॉप्स सोडायचे. दुसऱ्या गल्लीत काहीच करायचं नाही, नुसत्या अळ्या मोजायच्या, म्हणजे फरक दिसेल. मी बरोबर गेलो ते केवळ बादली उचलायला. निदान घरी तसं सांगितलं.

पहिल्याच गल्लीत चौथं घर मल्हाररावांचं. मूळचे सोयगावकडचे, पिढ्यान् पिढ्या मेंढरं राखणारे. आता मल्हारराव एका कारखान्यावर पहारेकरी होते आणि मागं दारात चार शेळ्या बांधलेल्या. त्यांची बायको मंजुळाबाई पन्नाशीची, उंच, काटक. सून ज्ञानेश्वरीला सातवा महिना होता. गेल्या वर्षी तिला डेंग्यू होऊन गेला होता. दुसऱ्यांदा झाला तर फार वाईट असतो, त्यात ती पोटुशी, हे अश्लेषानं मला गाडीवरच सांगितलं होतं. त्यामुळे या घराचे दोन ड्रम तिच्या मनात पहिले होते.

मंजुळाबाई माझ्याकडे टक लावून पाहत होती. मग एकदम पदर सावरून म्हणाली, "तुमी नारूवाले साहेब नव्हं?"

मला काय वाटलं ते कसं सांगू! कित्येक वर्षांनी कुणीतरी मला त्या नावानं हाक मारली होती. तिनं घोट्याजवळचा वण दाखवला. पंच्याऐंशी साली, लग्नाच्या पहिल्या वर्षी, तिच्या पायातून नारू निघाला होता आणि काडीला गुंडाळायला मीच शिकवलं होतं. चार महिने ती अंथरुणावर होती. सगळं कुटुंब मेंढरं घेऊन पुढच्या मुक्कामाला निघून गेलं आणि ही म्हाताऱ्या सासूबरोबर मागे राहिली. ती वाकून पाया पडली. अश्लेषानं दोन्ही ड्रममध्ये तांब्या-तांब्या सायक्लॉप्स ओतले, तळाशी नेहमी दोन तांबे पाणी राहू द्या म्हणून सांगितलं, मंजुळाबाई "व्हय व्हय" म्हणाली, चहा झाला. परत येताना मी गाडीवर एवढ्या बढाया मारल्या, की अश्लेषानं शेवटी हेल्मेटची काच खाली ओढली.

तीन आठवड्यांनी आम्ही मोजायला गेलो. त्या गल्लीत बेचाळीस ड्रम होते. चाळीस ड्रममध्ये अळीचा पत्ता नव्हता. अगदी तो कोपऱ्यावरचा, ज्याच्यात पहिल्या दिवशी चप्पल सापडली होती, तोसुद्धा स्वच्छ. उरलेले दोन मंजुळाबाईचे. घासूनपुसून लखलखीत ड्रम, आत नितळ पाणी आणि त्या पाण्यात वळवळणाऱ्या अळ्याच अळ्या. सायक्लॉप्स मात्र औषधालाही नाही.

अश्लेषाचा चेहरा उतरला. ती दोनदा जाळी फिरवून बसली. "असं होऊच शकत नाही," ती हळू आवाजात म्हणाली. "बाबा, या घरात तरी व्हायला नको होतं." पथक पुढच्या शुक्रवारी येणार होतं. ड्रम आडवे झाले तर या घराला टँकर येईपर्यंत प्यायला पाणी नाही, आणि नाही झाले तर चार-सहा दिवसांत त्या अळ्यांचे डास होऊन ज्ञानेश्वरीच्या खाटेभोवती फिरणार.

मी मंजुळाबाईला विचारलं, की पोरीनं टाकलेले किडे गेले कुठे?

बाईचा चेहरा असा उजळला, की मला आधी काही कळेचना. ती लगबगीनं आत गेली आणि घडी घातलेलं पांढरं फडकं घेऊन आली. दुपदरी, चारी बाजूंनी शिवलेलं, एका अंगाला लाल धाग्याचे टाके. तो धागा माझी युक्ती होती. गाळताना फडक्याची वरची बाजू कायम वरच राहावी, नाहीतर अडकलेले किडे पुन्हा पाण्यात पडतात, म्हणून मी गावोगावी बायकांना वरच्या अंगाला लाल धागा घालायला लावायचो.

"पघा, धागा वरल्याच अंगाला हाय," ती म्हणाली. "तुमी गेलात की तवाच दोनी डरम गाळून काढले. टँकर आला की दर टायमाला गाळते. येक बी किडा ऱ्हाऊ दिला नाय, साहेब. मला वाटलंच, तुमी परीक्षा घ्यायला आलात."

परीक्षा! मी ड्रमच्या कडेला हात टेकला. खरंच घ्यायचो मी परीक्षा. पंच्याऐंशी साली न सांगता गावात शिरायचो, कुणाच्याही घरातला हंडा उजेडात आणून भिंगानं तपासायचो. एक सायक्लॉप्स सापडला तर चारचौघांत बाईला बोलायचो. सापडला नाही तर दारावर गेरूनं फुली काढायचो. ही बाई एकतीस वर्षं त्या फुलीसाठी पाणी गाळत होती. आणि मी माझ्या मुलीला घेऊन तिच्या दारात किडे ओतायला आलो, तेव्हा तिला दुसरं काय वाटणार?

अश्लेषा माझ्याकडे बघत होती. रागावली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "तुम्हीच सांगा त्यांना. माझं त्या ऐकणार नाहीत."

मी सांगितलं. गाळू नका, म्हणजे ड्रममध्ये ओतताना गाळू नका, किडे असू द्या, ते डासांच्या अळ्या खातात. मंजुळाबाईचा चेहरा बघता बघता कठीण झाला.

"म्हंजी नारू पाण्यात ऱ्हाऊ द्यायचा? माझ्या ग्यानूला त्ये पाजायचं? दोन जिवांची हाय ती."

"हा नारू नाही, मंजुळाबाई."

"कामून नाय? तुमीच सांगलं व्हतं. ह्यो किडा म्हंजीच नारू, असं म्हणलतात. समद्या बायांम्होरं."

म्हणालो होतो. अगदी याच शब्दांत. आणि मला माहीत होतं, की ते खरं नाही. किडा वेगळा, नारू वेगळा. किड्याच्या पोटात नारू असतो, तो तिथं कसा जातो, हे सगळं समजावायला तास लागायचा. मला दिवसाला तीन गावं करायची असायची. 'किडा म्हणजेच नारू' एवढ्यात काम भागायचं. बायका अडाणी आहेत, त्यांना एवढं पुरे, असं मी तेव्हा मनात म्हणायचो. ते आठवून आज मला लाज वाटते, आणि तेव्हा त्या अंगणात तर धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं होतं.

"मी तुम्हाला अर्धंच सांगितलं होतं," मी म्हणालो. "घाई होती म्हणून. माझी चूक झाली."

सरकारी नोकरीत हे वाक्य मी कधीही उच्चारलं नव्हतं. मंजुळाबाईनं उलटं घमेलं पुढे सरकवलं, म्हणजे बसा. मी बसलो आणि एकतीस वर्षांपूर्वी द्यायचा तास त्या दुपारी दिला. सांगितलं, की हा किडा विहिरीत आधीपासून असायचा, बिनदोषी. नारू निघालेला पाय घेऊन माणूस पायऱ्या उतरायचा, ठणका कमी व्हावा म्हणून पाय पाण्यात बुडवायचा. तेव्हा जखमेतून नारूची पिल्लं पाण्यात सुटायची. किडा ती खायचा. मग तो किडा पोटात गेला, की पुन्हा माणसाला नारू. म्हणजे नारू त्याला आपल्याकडूनच मिळायचा. आता कुणाच्याच पायात नारू नाही, तर त्याच्याकडे तो येणार कुठून?

अश्लेषानं बशीत थोडं पाणी घेतलं आणि भिंग पुढे केलं. मंजुळाबाई बराच वेळ वाकून बघत राहिली. ज्ञानेश्वरी दाराला टेकून उभी होती.

"येकच डोळा हाय याला," मंजुळाबाई म्हणाली. "आन् ही दोनी कडंला गाठुडी कशाची?"

"अंडी आहेत," अश्लेषा म्हणाली. "पिल्लं बाहेर पडेपर्यंत ती बरोबरच घेऊन फिरते. कुठे ठेवत नाही."

मंजुळाबाईनं मान वर केली. "म्हंजी त्यो किडा बी आमच्यावानी आजारीच व्हता की, साहेब. आपुन त्याला नारू दिला आन् आपुनच मारला."

बारा वर्षांत कुठल्याही अहवालात हे वाक्य आलं नव्हतं.

पण ती बाई भाबडी नव्हती. तिनं अट घातली. प्यायचं पाणी ती गाळणारच. मी म्हणालो, जरूर गाळा, पण ड्रममधून हंड्यात घेताना, हंड्याच्या तोंडावर. फडक्यात अडकलेले किडे पुन्हा ड्रममध्ये झटका. ती विचार करून "ह्ये जमंल" म्हणाली. मग तिनं त्याच लाल धाग्याच्या फडक्यानं दोन्ही ड्रममधल्या अळ्या गाळून काढल्या आणि कोंबड्यांपुढे टाकल्या. कोंबड्यांनी क्षणात फडशा पाडला. अश्लेषा सायक्लॉप्सची बादली घेऊन पुढे झाली, तर मंजुळाबाईनं तिला थांबवलं.

"तू नको. साहेबांनीच काढाय लावलं, त्येंनीच घालावं."

मी तांब्या भरला. नारूवाला साहेब आपल्या हातानं पिण्याच्या पाण्यात सायक्लॉप्स सोडतोय! पाण्यात पडताच ते झटके देत चहूकडे पसरले. ज्ञानेश्वरी वाकून बघत होती आणि पहिल्यांदाच हसली.

पुढचा शुक्रवार उजाडेपर्यंत मी घरात कुणालाही धड बसू दिलं नाही. दमयंती म्हणाली, अश्लेषाच्या दहावीच्या निकालालासुद्धा तुम्ही अशा येरझारा घातल्या नव्हत्या. शुक्रवारी दुपारी आम्ही पथकाच्या आधी अर्धा तास जाऊन उभे राहिलो. पथकातल्या माणसानं मंजुळाबाईच्या पहिल्या ड्रममध्ये विजेरी मारली, पाणी ढवळलं, पुन्हा मारली. मग दुसऱ्यात. वर बघून म्हणाला, "अळी नाय. चला पुढं." मंजुळाबाईनं परात ड्रमवर ठेवली आणि जणू काही झालंच नाही, अशी शेळ्यांना पाला टाकायला गेली. मी मात्र तिथल्या दगडावर मटकन बसलो. माझे डोळे भरून आले होते आणि मी ते लपवले नाहीत.

मग पथक दुसऱ्या गल्लीत वळलं. तिथं काय दिसणार, हे अश्लेषाच्या वहीत आधीच होतं. एकोणतीसपैकी चौदा ड्रममध्ये अळ्या. गेल्या तिन्ही मोजण्यांत साधारण तेवढेच निघाले होते. ती वही उघडून उभी राहिली. पहिला ड्रम स्वच्छ. दुसरा स्वच्छ. पाचवा स्वच्छ. पथकातला माणूस खूश होत पुढे चालला होता आणि माझी मुलगी पांढरी पडत चालली होती. आठव्या ड्रमपाशी तिनं तांब्या बुडवून पाणी उन्हात धरलं. आत पांढुरके ठिपके झटके देत होते.

"इथं कसे आले?" ती ओरडलीच. "ही गल्ली तर मी सोडली होती!"

ड्रम सरूबाईचा होता; ती मंजुळाबाईच्या लांबच्या नात्यातली. तिनं सरळ बोट दाखवलं. मंजुळाबाई पाल्याचे हात पदराला पुसत येतच होती.

"म्या दिलं," ती म्हणाली. "आदी फडक्यानं अळ्या काढल्या, मंग येक येक तांब्या घातला. इरजण मागाय येतंय कुनी, तर नाय म्हनायचं का? नऊ घरं झाली."

"मावशी, अहो, ही गल्ली मुद्दाम तशीच ठेवायची होती," अश्लेषाचा आवाज रडवेला झाला होता. तिची सहा आठवड्यांची मेहनत होती ती. "फरक कळायला. यांना द्यायचे नव्हते."

मंजुळाबाईला राग आला नाही. तिला खरंच समजलं नव्हतं, आणि ती समजून घेण्यासाठी विचारत होती.

"सरूची पोरगी गेल्या साली धा दिस दवाखान्यात व्हती. तिला कामून नाय द्यायचं?"

अश्लेषानं तोंड उघडलं. तिच्याजवळ उत्तर होतं, चांगलं शास्त्रीय उत्तर होतं, मला ते ठाऊक होतं आणि तिची बाजू घ्यावी असं माझ्याही ओठांवर आलं होतं. पण घाईघाईत दिलेल्या उत्तराचं काय होतं, हे मी नुकतंच पाहिलं होतं. सरूबाईची मुलगी दारात उभी राहून तिघांकडे बघत होती, दोन वेण्या घातलेली, हातात भाकरीचा तुकडा.

अश्लेषा तिच्याकडे बघत राहिली. मग तिनं नाक पुसलं.

"किती घरं राहिलीत?" तिनं विचारलं.

"पाच," मंजुळाबाई म्हणाली. "पर दिवं लागायच्या आत आटपाय पायजेल. तिनीसांजेला इरजण देत नसतेत."

ऊन कलायला लागलं होतं. अश्लेषानं वही पिशवीत टाकली, पदर खोचून, घरच्या ड्रममधून तांब्या भरून आलेल्या मंजुळाबाईच्या हातातून तो घेतला आणि पहिल्या घराची कडी वाजवली.